कुंपण आणि शेत : नव्या हेज फंडांचा धंदा व कामगारांचा निवृत्तिनिधी

(बँक, विमा व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या विषयाचे नाव वाचून काही कॉम्रेड्सनी रास्त शंका काढली. ज्या फंडात पाऊल टाकावयाचे तर आपल्या देशात किमान एक कोटी रुपये मोजावे लागतात, त्या फंडाशी बँकेतल्या लिपिकाचा किंवा जिल्हा परिषदेतल्या शिक्षकाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. अमेरिकेत या फंडांना जे भांडवल मिळते त्याचा मोठा हिस्सा शिक्षक, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान आणि महापालिकांचे कामगार यांच्या निवृत्तिनिधींतून येतो. आणि आपल्याकडे १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत दाखल झालेल्या नागरी कर्मचाऱ्यांचे पेन्शन बाजाराच्या हवाली करण्यात आले. त्यानंतर हा पैसा कोठे गुंतवता येईल याच्या यादीत दर काही वर्षांनी एकेक ओळ वाढत गेली आहे. तेव्हा नवा हेज फंड उभा कसा राहतो, त्यात पैसा कोण घालतो, नफा कोणाकडे जातो आणि तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. नुसत्या शिव्याशापांनी हे काम भागत नाही.

एका समाजशास्त्रज्ञाचा उद्योग

या धंद्याचा जनक मानला जातो तो आल्फ्रेड विन्स्लो जोन्स. त्याचा जन्म १९०० साली मेलबर्नचा. तिशीच्या दशकारंभी तो बर्लिनच्या अमेरिकन वकिलातीत होता, आणि तेथील डाव्या मंडळींशी त्याचा निकटचा संबंध आला. पुढे यादवी युद्धाच्या काळात तो स्पेनमध्ये जाऊन आला. मग कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीसाठी त्याने ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे शहर अभ्यासाला निवडले. हे तेच शहर, जेथे १९३६ साली रबर कामगारांनी बैठ्या संपाचे हत्यार उपसले होते. कंपन्यांच्या मालमत्तेच्या हक्काविषयी निरनिराळ्या वर्गांतील माणसांना काय वाटते, याची मोजणी करणारा त्याचा प्रबंध १९४१ साली पुस्तकरूपाने आला. वर्गजाणिवेचा अभ्यास करणाऱ्या या गृहस्थाने १९४९ साली एक लाख डॉलरचा फंड काढला. त्यातले चाळीस हजार त्याचे स्वतःचे होते. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

हेज म्हणजे कुंपण. जोन्सची युक्ती साधी होती. वाढतील असे वाटणारे शेअर विकत घ्यावयाचे, पडतील असे वाटणारे शेअर उसने घेऊन विकून टाकावयाचे, आणि या कुंपणाच्या आधाराने थोडे कर्जही काढावयाचे. शंभर रुपये जवळ असता एकशेतीस रुपयांचे शेअर घेतले आणि सत्तर रुपयांचे उसने विकले, तर संपूर्ण बाजार कोसळला तरी झळ लागते ती साठ रुपयांना. दलाल स्ट्रीटवरील जुन्या सटोडियांना यात नवल वाटले नसते. तेजी आणि मंदी एकाच वेळी खेळणारे तेथे पूर्वीपासून होते. नवे होते ते नफ्याच्या वाटणीचे कलम. जोन्स नफ्यातला पाचवा हिस्सा घेई, आणि त्यासाठी प्राचीन फिनिशियन नाखव्यांचा दाखला देई: ते म्हणे सफरीच्या नफ्याचा पाचवा भाग ठेवून घेत. परंतु फिनिशियन नाखवा स्वतः जहाजावर असे. जहाज बुडाले तर तोही बुडे. जोन्सच्या बाबतीत हे काही अंशी खरे होते, कारण त्याचा स्वतःचा पैसा फंडात होता आणि नफा झाला नाही तर तो वेगळे व्यवस्थापनशुल्क घेत नसे. दरसाल दोन टक्के शुल्क, नफा होवो वा तोटा, ही सुधारणा त्याच्या वारसांची.

१९६६ साली ‘फॉर्च्युन’ मासिकात कॅरल लूमिस यांचा लेख आला आणि जोन्सचे अनुकरण करणाऱ्यांची रीघ लागली. त्यातले पुष्कळ फंड १९६९-७० आणि १९७३-७४ च्या मंदीत वाहून गेले. १९९६ साली अमेरिकन कायद्यात बदल झाला, फंडातील गुंतवणूकदारांच्या संख्येवरचे बंधन बड्या गुंतवणूकदारांपुरते सैल झाले. आणि २००० साली शेअरबाजाराचा फुगा फुटल्यावर निवृत्तिनिधींचे विश्वस्त मोठ्या प्रमाणावर या दारात आले.

बियाणे आणि वाढीदिढी

आज नवा फंड निघतो तो बहुधा असा. मोठ्या बँकेत किंवा मोठ्या फंडात काही वर्षे व्यवहार केलेला एखादा गृहस्थ नोकरी सोडतो. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे मागील आकडे. डेलावेअर राज्यात एक भागीदारी नोंदली जाते, परदेशी व करमुक्त गुंतवणूकदारांसाठी केमन बेटांवर एक कंपनी निघते. न्यू यॉर्कची एखादी बडी बँक त्याची ‘प्राइम ब्रोकर’ होते. ती त्याला कर्ज देते, विकण्यासाठी शेअर उसने देते, हिशेब चुकते करते आणि श्रीमंत गुंतवणूकदारांशी ओळखी करून देते. नवा फंड जगला तर ही बँक व्याज आणि दलाली वर्षानुवर्षे घेत राहते. म्हणून नव्या फंडांच्या जन्माविषयी तिला एवढी आस्था!

आता जमाखर्च पाहा. फंड दोन कोटी डॉलरचा असला तर दोन टक्के शुल्काचे वर्षाला चार लाख डॉलर होतात. त्यातून दोनचार विश्लेषकांचे पगार, वकील, लेखापरीक्षक, संगणक आणि बाजाराची माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांची बिले, न्यू यॉर्कमधली जागा एवढे निघत नाही. मोठ्या निवृत्तिनिधीने यावे तर त्याचा नियम असा की, कोणत्याही एका फंडाच्या भांडवलात आपला वाटा ठरावीक मर्यादेपलीकडे असता कामा नये, आणि दोनतीन वर्षांचे आकडे समोर असले पाहिजेत. म्हणजे फंड मोठा झाल्याशिवाय पैसा येत नाही आणि पैसा आल्याशिवाय फंड मोठा होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

ही कोंडी फोडावयास जो येतो त्याला बीजभांडवलदार म्हणू. तो समजा पाच कोटी डॉलर घालतो आणि दोनतीन वर्षे ते काढणार नाही असे लिहून देतो. त्या मोबदल्यात, आपल्या पैशावरील नफ्याखेरीज, फंडाच्या एकूण शुल्काच्या उत्पन्नातला पाचवा किंवा चौथा हिस्सा तो मागतो. या कलमाचा अर्थ लक्षात घ्या. फंड वाढून शंभर कोटी डॉलरचा झाला, तर त्यातले पंच्याण्णव कोटी इतरांचे. दोन टक्क्यांचे दोन कोटी. दहा टक्के नफा झाला तर त्याच्या पाचव्या हिश्श्याचे ढोबळमानाने आणखी दोन कोटी. या चार कोटींपैकी चौथा हिस्सा, म्हणजे एक कोटी डॉलर, दरसाल बीजभांडवलदाराच्या घरी जातात. मूळचे पाच कोटी त्याने काढून घेतले, तरीही हा ओघ पुष्कळदा चालूच राहतो. आपल्याकडे सावकार बियाण्याची ज्वारी देई आणि सुगीला वाढीदिढीने वसूल करी. पण त्याची दिढी त्याने दिलेल्या धान्यापुरती असे. शेजाऱ्याने पेरलेल्या बियाण्याच्या पिकातही चौथाई मागण्याची कल्पना त्यालाही सुचली नव्हती.

रुडॉल्फ हिल्फर्डिंगने १९१० साली ‘वित्तभांडवल’ या ग्रंथात प्रवर्तकाच्या नफ्याचे विवेचन केले. कंपनी काढताना घातलेले प्रत्यक्ष भांडवल आणि भावी लाभांशाच्या आधारे बाजारात तिला येणारी किंमत, यांतला फरक प्रवर्तक खिशात घालतो. हिल्फर्डिंगची पुढील राजकीय वाट आपल्याला मान्य नाही, ती जर्मनीच्या अर्थमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत गेली. परंतु हे निदान अचूक होते. बीजभांडवलाच्या व्यवहारात प्रवर्तकाचा नफा आणखी एक पायरी वर चढतो. येथे कारखाना नाही, माल नाही. दुसऱ्यांच्या पैशावर भविष्यात आकारावयाच्या शुल्काचेच भांडवल केले जाते, आणि त्या शुल्कातला वाटा पुढे विकताही येतो. ब्लॅकस्टोनसारख्या बलाढ्य कंपनीने २००७ पासून यासाठी स्वतंत्र निधी उभे केले. ज्युलियन रॉबर्टसन याने २००० साली आपला टायगर फंड इतरांसाठी बंद केला आणि हाताखालच्या तरुणांना बियाणे देण्याचा उद्योग आरंभला. त्यातल्याच टायगर ग्लोबल या फंडाला २००१ साली त्याचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले, आणि आपल्या देशातल्या फ्लिपकार्टमध्ये पुढे या फंडाचा मोठा वाटा होता. त्याचाच दुसरा शिष्य बिल ह्वांग. त्याच्या टायगर एशियाने २०१२ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यानंतर ह्वांगने आर्केगॉस ही स्वतःच्या संपत्तीची पेढी उघडली. ती मार्च २०२१ मध्ये कोसळली आणि एकट्या क्रेडिट स्विस बँकेचे साडेपाच अब्ज डॉलर घेऊन गेली. ज्याच्या फंडाने गुन्हा कबूल केला त्याला बड्या बँका पुन्हा अब्जावधी डॉलर देतात, आणि आपला शेतकरी मात्र एका थकीत हप्त्यासाठी बँकेच्या काळ्या यादीत जातो.

तोट्याचा धनी

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशेब. शंभर कोटींच्या फंडाला पहिल्या वर्षी चाळीस टक्के नफा झाला. व्यवस्थापकाने नफ्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे आठ कोटी घेतले. दोन टक्क्यांचे दोन कोटी वेगळे. फंडात उरले एकशेतीस कोटी. दुसऱ्या वर्षी चाळीस टक्के तोटा झाला. एकशेतीसचे अठ्ठ्याहत्तर कोटी राहिले, आणि त्या वर्षाचे शुल्क त्यातूनही गेले. गुंतवणूकदाराने बावीस कोटींहून अधिक गमावले, आणि व्यवस्थापकाकडे दोन वर्षांत बारा कोटींच्या आसपास जमा झाले. त्यातला एक पैसाही त्याला परत करावा लागत नाही. नफ्यात भागीदार आणि तोट्यात पाहुणा! ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात मार्क्सने पतव्यवहाराचे विवेचन करताना दाखवले आहे की, भागभांडवलाच्या व्यवस्थेत प्रत्यक्ष कारभार करणारा हा दुसऱ्यांच्या पैशाचा नुसता व्यवस्थापक होतो, आणि तेथूनच सट्टेबाजीला व फसवणुकीला नवे रान मिळते. हेज फंडात तर या व्यवस्थापकाला मोठा धोका पत्करण्याचे बक्षीसच लावून ठेवलेले असते.

यावर एक बचाव केला जातो. बहुतेक करारांत अशी अट असते की, झालेला तोटा भरून निघून मागचा उच्चांक ओलांडल्याखेरीज नफ्याचा वाटा घ्यावयाचा नाही. अट चांगली आहे. पण तोटा खोल असला तर तो भरून काढण्यासाठी चारपाच वर्षे फुकट राबण्यापेक्षा जुना फंड बंद करून नवा उघडणे सोयीचे पडते. नव्या फंडाची पाटी कोरी असते. जॉन मेरिवेदर याचा इतिहास पाहा. १९९४ साली त्याने सव्वा अब्ज डॉलरने लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट सुरू केली. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे दोन अर्थशास्त्रज्ञ भागीदार होते, त्यांना १९९७ साली नोबेल स्मृतिपारितोषिक मिळाले. १९९८ च्या आरंभी स्वतःच्या पावणेपाच अब्जांच्या आसपासच्या भांडवलावर त्यांनी सुमारे एकशेपंचवीस अब्जांचे कर्ज उभे केले होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, आणि सप्टेंबरात न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने बड्या वित्तसंस्थांना एकत्र बसवून ३.६ अब्ज डॉलर ओतवले. मेरिवेदरने १९९९ साली दुसरा फंड काढला. २००८ च्या अरिष्टात त्याच्या मुख्य निधीने ४४ टक्के गमावले आणि २००९ मध्ये तोही बंद झाला. २०१० साली तिसरा निघाला.

कुंपणच शेत खाते असे आपल्याकडे म्हणतात. शेत कोणाचे होते ते अ‍ॅमरँथच्या उदाहरणातून कळते. कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच गावी २००० साली स्थापन झालेल्या या फंडाने सप्टेंबर २००६ मध्ये नैसर्गिक वायूच्या वायद्यांत सहा अब्ज डॉलरहून अधिक घालवले. त्यात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो जिल्ह्याच्या कर्मचारी निवृत्तिसंस्थेने १७.५ कोटी डॉलर गुंतवले होते. ते पैसे कार्यालयांतल्या कारकुनांच्या आणि रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारातून कापलेले, म्हणजे लांबणीवर टाकलेले वेतन होते. ज्या व्यापाऱ्याच्या सौद्यांत हे घडले, त्याने पुढच्याच वर्षी नव्या फंडासाठी भांडवल मागायला सुरुवात केली.

‘नवे फंड चांगले’ हा युक्तिवाद

प्रतिपक्षाची बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. राजेश अग्रवाल आणि फिलिप जोरियन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, हेज फंडांची कामगिरी पहिल्या दोन वर्षांत नंतरच्या वर्षांपेक्षा सरस असते, आणि वय वाढेल तशी ती घसरते. हे पटण्यासारखे आहे. लहान फंड चपळ असतो, व्यवस्थापकाला नाव कमवावयाचे असते. परंतु यातूनच दुसरी गोष्ट निघते. फंड यशस्वी झाला की तो फुगतो, आणि मग दोन टक्क्यांवरच सुखाने जगता येते. म्हणजे गुंतवणूकदाराचा लाभ ज्या लहानपणात आहे, ते लहानपण टिकू न देण्यातच प्रवर्तकाचा लाभ आहे.

या दाव्याची एक जाहीर परीक्षाही झाली. भांडवलशाहीचा मुकुटमणी वॉरन बफे याने २००८ साली दहा वर्षांची पैज लावली की, साधा निर्देशांक फंड हेज फंडांच्या समूहाला मागे टाकील. पैज घेणारी प्रोटेजे पार्टनर्स ही कंपनी लहान व नवे फंड हुडकून त्यांत पैसा घालण्याचाच व्यवसाय करणारी होती. तिने हेज फंडांत गुंतवणूक करणारे पाच फंड निवडले. २०१७ अखेर निर्देशांक फंड एकूण १२५.८ टक्के वाढला. पाचांची सरासरी वाढ ३६ टक्क्यांच्या आसपास राहिली. व्यवस्थापक मूर्ख होते असे नाही. शुल्कावर शुल्क, असे दोन मजले गुंतवणूकदाराच्या डोक्यावर होते.

आणखी एक युक्तिवाद मला अधिक अवघड वाटतो. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक निवृत्तिनिधींनी नव्या व्यवस्थापकांसाठी राखीव कार्यक्रम आखले ते कृष्णवर्णीय, लॅटिन वंशीय व स्त्री व्यवस्थापकांना संधी मिळावी या नावाने. तक्रार खरी आहे. नाइट फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालानुसार तेथील ८२ लाख कोटी डॉलरपैकी जेमतेम १.४ टक्के अशा मालकीच्या कंपन्यांच्या हाती होते. बहिष्काराचे हे चित्र आपल्या ओळखीचे आहे, आणि त्याची टवाळी आपण करू नये. पण या न्यायाचा खर्च कृष्णवर्णीय सफाई कामगाराच्या पेन्शनमधून का निघावा, हा प्रश्न त्या कार्यक्रमांत क्वचितच विचारला जातो.

काही निधींनी उशिरा का होईना, हात आखडता घेतला. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्स निधीने सप्टेंबर २०१४ मध्ये हेज फंडांतील सुमारे चार अब्ज डॉलर काढून घेण्याचे जाहीर केले, आणि गुंतागुंत व खर्च ही कारणे दिली. त्याआधीच्या एका वर्षात १३.५ कोटी डॉलर शुल्कापोटी गेले होते. एप्रिल २०१६ मध्ये न्यू यॉर्क शहराच्या कर्मचारी निधीनेही तेच केले. तेव्हाच्या पब्लिक अ‍ॅडव्होकेट लेटिशिया जेम्स यांनी तर व्यवस्थापकांना उन्हाळी बंगले आणि विमाने विकून शुल्क परत करावयास सुनावले.

आपल्या दारात

भारतात सेबीच्या २०१२ च्या नियमांनी पर्यायी गुंतवणूक फंडांचे तीन वर्ग केले. तिसरा वर्ग म्हणजे हेज फंड. या नियमांत योजनेचे किमान भांडवल वीस कोटी, एका गुंतवणूकदाराची किमान रक्कम एक कोटी ठेवण्यात आली. प्रवर्तकाने स्वतःचे किती घालावे? भांडवलाच्या पाच टक्के किंवा दहा कोटी रुपये, यांत जे कमी असेल ते. कमी असेल ते! म्हणजे हजार कोटींच्या फंडात प्रवर्तकाचा वाटा एक टक्का पुरे. जोन्सने शंभरात चाळीस घातले होते.

आणि हा नफा येतो कोठून? सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे व ऑप्शन बाजाराचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. शेवटच्या एका वर्षात दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांवर सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या खात्यांवर सुमारे २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ नफा जमा झाला, आणि तो जवळजवळ सगळा संगणकी व्यवहारांतून. तोटा सोसणाऱ्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते. राज्यवार पाहता अशा व्यवहारकर्त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. नोकरी न मिळालेला तालुक्याच्या गावचा पदवीधर मोबाइलवर जो खेळ खेळतो, त्याच्या समोरच्या बाजूला कोण बसलेले आहे ते यावरून दिसते.

राहिला निवृत्तिनिधीचा प्रश्न. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीने ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या ठेवींच्या पाच टक्क्यांनी शेअरबाजारात प्रवेश केला, दोनच वर्षांत ती मर्यादा पंधरावर गेली. २०२१ साली खाजगी प्रॉव्हिडंट फंड ट्रस्टांना पर्यायी फंडांच्या पहिल्या दोन वर्गांत पाच टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. तिसरा वर्ग तेव्हा वगळला गेला. ही भिंत आपोआप उभी नाही. पश्चिम बंगालने नवी पेन्शन योजना स्वीकारली नाही, मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्राला हमी रकमेचा पर्याय असलेली एकीकृत योजना आणावी लागली. लढ्याने सरकारला हलवता येते, याचा हा पुरावा आहे. मात्र पैसा बाजारातच राहिला आहे.

आपले अनेक कॉम्रेड प्रॉव्हिडंट फंड ट्रस्टांवर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसतात. बैठकीत त्यांच्यापुढे इंग्रजीतले जाडजूड टिपण येते आणि सही मागितली जाते. पर्यायी फंडाचा प्रस्ताव आला तर शुल्क टक्क्यांत ऐकून घेऊ नये; वर्षाला किती रुपये, आणि ते सभासदामागे किती, हे लेखी मागावे. प्रवर्तकाचे स्वतःचे किती रुपये त्यात आहेत, शुल्कातला वाटा आणखी कोणाला जातो, आणि त्याच व्यवस्थापकाने यापूर्वी एखादा फंड बंद केला आहे काय, हेही विचारावे. उत्तर मिळेपर्यंत सही करू नये, आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तिसऱ्या वर्गाचे दार उघडू नये व शुल्काची रुपयांतली रक्कम दरवर्षी सभासदांच्या पासबुकात छापली जावी, या दोन मागण्यांचा मसुदा आपणांस वाटलेला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर दुरुस्त्या घेण्यात येतील.